मनकर्णेच्या स्लॅबवरचा भोंगा

आमची मनकर्णा लग्न होऊन घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं चुलीपाशी बसून मिठासाठी हाक मारली आणि गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. मी वाढवून सांगत नाही. दावं जुनं झालं होतं हे कबूल, पण तुटलं ते त्याच घटकेला.

ती माझी धाकटी जाऊ, माझा दीर सहादेव याची बायको. माहेर अकोले तालुक्यातलं, पार भंडारदऱ्याच्या अंगाला. तिकडं एक घर डोंगराच्या या बाजूला, तर दुसरं त्या बाजूला. मधल्या दरीत उतरून परत चढायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, म्हणून माणसं जागेवरूनच बोलतात. भात लावलं का, म्हैस व्याली का, सगळं दरीच्या वरून. तिचा गळा तसा घडलेला. आमच्याकडं, देवळाली प्रवरेच्या आसपास, सगळं सपाट. घराला घर लागून आणि बाकी ऊस. इथं हळू बोललं तरी ऐकू येतं हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, कारण तेव्हा ती बोलत असायची.

मोबाईल नव्हते तेव्हा सगळ्या गावाला तिचा उपयोग. कुणाकडं पाहुणा आला आणि मालक मळ्यात असला की बाया आमच्या दारात. "मनकर्णाबाई, आमच्या ह्यांना एक हाक मारा." ही हाताचं पीठही न झाडता ओट्याच्या कडेला जायची, मान वर करायची आणि हाक द्यायची. मालक तर यायचाच, शेजारच्या मळ्यातले दोघंतिघंही यायचे, आपलंच काही असेल म्हणून. बाजरी राखायला बसली की तिची गोफण खुंटीलाच. पाखरं नुसत्या ओरडण्यानं उडायची. सहादेव म्हणायचा, "ह्या साली उडाली ती फुडल्या साली बी उतरत न्हाईत."

पण तिच्या आवाजाला खरा मान आला तो एका उन्हाळ्यात. तेव्हा नदीच्या वाळूत काही घरं कलिंगडं लावायची. वेल राखायला माणसं तिथंच झोपडी घालून राहायची. मनकर्णा घाटावर धुणं धूत होती. लांबच्या वळणावरचे बगळे सगळे एकदम उठलेले तिनं बघितले आणि धुणं तिथंच टाकून हाकाऱ्याला सुरुवात केली. वाळूतली माणसं पोराबाळांसह वर आली आणि मागोमाग पाणी आलं. कलिंगडं गेली, माणसं राहिली. तुला कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अक्का, माज्या म्हायेरावरनं येतंय पानी. मला वळखू येनार न्हाई व्हय?" आमच्या सासूबाईंनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा "हळू बोल" म्हटलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तालुक्याहून पुराचा इशारा द्यायचा भोंगा घेऊन टेम्पो आला, तेव्हा सरपंचांनी विचार न करता बोट दाखवलं ते मनकर्णेच्या घराकडं. घर उंच काठावर, स्लॅबचं, समोर झाड नाही, खाली थेट घाट आणि नदी. सहादेव ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "ह्या घरात एक हाय की. दुसरा कशापाई?"

टेम्पोबरोबर धनश्री नावाच्या मॅडम होत्या. इंजिनीअर, पण वयानं माझ्या नातीएवढ्या. मनकर्णेनं त्यांना एकदाच मॅडम म्हटलं, चहा देईपर्यंत ती पोरगी झाली होती.

"पोरी, ह्यो वाजतो कसा? फॅक्टरीच्या भोंग्यावानी वाफंवर का?"

"नाही काकू, वाफ नाही लागत," धनश्री म्हणाली. "या पेटीत बॅटरी आहे. वरचा सोलरचा पाटा तिला उन्हात भरून ठेवतो. वादळात लाईट आधी जाते ना, म्हणून याला लाईटच्या भरवशावर ठेवलेलं नाही. आवाज पेटीत तयार होतो आणि कर्णे तो लांब फेकतात."

कर्णे चार होते. खांबावर चढवले तेव्हा मी बघितलं, तर दोघांची तोंडं नदीच्या वरच्या अंगाला, दोघांची खालच्या. गावाकडं एकाचंही नाही. मी म्हटलं, "अगं, गावाकडं पाठ करून बसवलास की. आमी घरात मालिका बघत असलो तर आमाला कसं कळायचं?"

"आजी, घरातल्या माणसासाठी हा नाहीच. घरातलं माणूस उंचावर आहे, सुखरूप आहे. हा उघड्यावरच्या माणसासाठी. नदीत उतरलेला, बंधाऱ्यावरून चाललेला, वाळूत जनावरं घेऊन गेलेला. घरात पंखा सुरू, दार लावलेलं, टीव्ही मोठा, मग हा ऐकू येईलच असं नाही. वारा उलटा असला, मधे ऊस उभा असला, तरी आवाज कमी पोचतो. घरातल्यांनी मोबाईलवरचा निरोप बघायचा."

मग तिनं आवाज समजावून सांगितले. सोमवारी सकाळी एकसारखा सरळ आवाज येईल, तो तपासणीचा, त्याला कुणी पळायचं नाही. आवाज वर चढतोय, खाली उतरतोय, परत चढतोय असं झालं की तो धोक्याचा. दोन-तीन मिनिटं वाजून आपोआप थांबेल. थांबला म्हणजे धोका टळला असं समजायचं नाही.

"थांबतो कशाला मग?" मनकर्णेनं विचारलं.

"बॅटरी राखायची असते काकू. आणि सारखा वाजत राहिला की लोकांना सवय होते, मग कुणी लक्षच देत नाही."

"ह्ये मातुर खरं हाय," सहादेव म्हणाला आणि तंबाखूकडं बघत राहिला.

"तुमी गप बसा वो," मनकर्णा म्हणाली. "आन पोरी, टळलं ह्ये सांगायला कोनता आवाज?"

"त्याला आवाज नाही. दोन गोष्टींना दोन भोंगे केले की ऐन वेळी लोक गोंधळतात. भोंगा एवढंच सांगतो की सावध व्हा, नदीपासून लांब जा आणि काय झालंय ते विचारा. पुढचं माणसानं सांगायचं. त्यासाठी हा माईक."

भोंगा तालुक्यातून वाजायचा, पण कधी रेंज गेली तर हातानं वाजवायला पेटीत लाल बटण होतं. पेटीला कुलूप. किल्ली मनकर्णेनं मंगळसूत्रात ओवली. सहादेव म्हणाला, माझ्या नावाचं घातलंय त्यात आता सरकारचंही आलं.

पहिल्या सोमवारी सरळ आवाज आला तेव्हा गावातल्या सगळ्या कुत्र्यांनी सूर धरला. दुसऱ्या सोमवारी निम्म्यांनीच. चौथ्या सोमवारी बाया भोंग्यावर डाळ शिजायला टाकू लागल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मनकर्णा सोमवारी नवं लुगडं नेसून स्लॅबवर उभी राहायची, जणू तीच वाजतेय.

मग आषाढात खराखुरा वाजला. दुपारची वेळ. मी तिच्याच ओट्यावर शेंगा फोडत होते. आवाज वर चढला, खाली आला, परत चढला, आणि माझ्या हातातली शेंग कुठं गेली ते मला अजून सापडलेलं नाही. मनकर्णा जिना चढून वर गेली, मी तिच्या मागं. वरून बघतो तर काय, गाव घरांतून बाहेर पडत होतं. बाप्ये पळत होते, बाया पळत होत्या, तरणी पोरं मोबाईल वर धरून पळत होती. आणि सगळी पळत होती ती नदीकडं.

झालं होतं असं. नदीकाठच्या प्रत्येक मळ्याची मोटर नदीच्या पात्रात. पाणी येणार म्हटल्यावर पुरुषांना पहिली आठवण मोटरची, ती दोर लावून वर ओढायची. आणि बायांचं आणखी वेगळं. आमच्याकडं पावसाळ्यात जेव्हा जेव्हा नवं पाणी येतं, तेव्हा नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पूर्वी पाणी आल्याची बातमी कुणीतरी गुराखी द्यायचा, आता साक्षात सरकारनं चार कर्णे लावून दिली. जी ती ताट भरून निघाली. आणि पोरं निघाली ती पाण्याबरोबर आपला फोटो काढायला.

मनकर्णा वरून ओरडत होती, पण तिचा आवाज भोंग्यात बुडाला. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

भोंगा थांबला आणि तिचा फोन वाजला. धनश्री होती. "काकू, भोंगा वाजला का?"

"वाजला की."

"लोक वर आले?"

"न्हाई गं पोरी. खाली गेले."

धनश्रीनं विचारलं, "सगळे?"

"म्हातारे ऱ्हायलेत. त्यांला चालवत न्हाई म्हनून."

त्या खेपेला पाणी सावकाश आलं. मोटरी निघाल्या, ओट्या भरल्या, फोटो निघाले, सगळी घरी आली. गाव खूष होतं. भोंगा फार कामाचा आहे असं जो तो सांगत होता. मनकर्णा मात्र जेवली नाही. मला म्हणाली, "अक्का, मी मान्सं घालवाया बसले का बोलवाया? ह्याच्यापेक्षा भोंगा नसता तर बरं. तवा निदान निम्म्यांला कळायचं तरी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघरी फिरली. पुरुषांचं काम सोपं निघालं. धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप मोबाईलवर आदल्या दिवशीच येतो. निरोप आला की मोटर काढायची, भोंग्याची वाट बघायची नाही, हे सहादेवानं आधी स्वतः करायचं कबूल केलं आणि मग पारावर बसून इतरांकडून करवून घेतलं. पोरांना सरपंचांनी दम भरला. राहिल्या बाया, आणि बायांच्या पुढं होत्या छबूबाई.

छबूबाई आमच्या गावच्या सगळ्यांत थोरल्या. नदीच्या ओटीचं गाणं पहिलं त्यांनी उचलायचं. त्यांच्या सासूकडून हा मान त्यांच्याकडं आलेला. रीत अशी आहे की एकीनं पहिली ओळ म्हटली की बाकीच्यांनी दुसरी म्हटलीच पाहिजे. गाणं अर्ध्यावर सोडलं तर नदी रुसते. आणि जिनं उचललं ती जिथं उभी असेल, तिथंच ओटी. छबूबाईंच्या आधी गाणं उचलायची आजपर्यंत कुणाची छाती झालेली नाही. एकदा एका नव्या सुनेच्या तोंडून चुकून निघालं, तर तिच्या सासूला पुढं कैक महिने छबूबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.

मनकर्णा त्यांच्याकडं गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. एकटी गेली तर भांडण ऐकू जाईल म्हणून.

"छबूबाई, फुडल्या खेपेला वटी वर भरू. माज्या दारात. पानी दिसतंय की तिथनं."

छबूबाई लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माजी सासू घाटावर गेली. तिची सासू घाटावर गेली. मी घाटावरच जानार."

"तवा पानी दम खात यायचं. आता वरनं दारं उघडली, आन मधल्या वढ्यांचं मिळालं, की धावत येतंय."

"आन तुज्या दारात वटी भरायची म्हंजी नदीनं चढून तुज्याकडं यायचं? भांडी घासाया येती का ती?"

"तुमाला पोवता येतंय का?"

"इतकी वर्सं न्हाई आलं. आता कशाला शिकू?"

छबूबाईंची सून सविता कडेवर लेकरू घेऊन दारात उभी होती. मनकर्णेनं तिच्याकडं बघितलं, सवितानं सासूकडं बघितलं आणि लेकराचं नाक पुसत आत गेली. छबूबाई घाटावर जाणार म्हणजे सविता जाणार, आणि सविता जाणार म्हणजे अर्ध्या गावच्या सुना जाणार. परत येताना मनकर्णा काही बोलली नाही. सगळ्या वाटेनं बोलली नाही म्हणून मी घाबरले.

आणि श्रावणात, नागपंचमी होऊन गेल्यावर, ते मोठं पाणी आलं.

वर डोंगरात दोन दिवस पाऊस ओतत होता. आमच्याकडं ऊन पडलेलं, आकाश निळंशार. आदल्या दिवशी निरोप आला, पुरुषांनी मोटरी काढल्या, जनावरं वर आणली. इथवर सगळं ठरल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्रीचा फोन आला. मधल्या ओढ्यांनाही पूर आलाय, पाणी हिशेबापेक्षा आधी पोचणार, वरच्या गावचा बंधारा केव्हाच पाण्याखाली गेलाय. तिचं बोलणं संपलं आणि आमच्या डोक्यावर भोंगा सुरू झाला. वर, खाली, वर, खाली. स्लॅब थरथरत होता. माझ्या पायांतून तो आवाज दातांपर्यंत आला.

मी आणि मनकर्णा कठड्याला धरून खाली बघत होतो. पुरुष या खेपेला वर येत होते. चारदोन पोरं नदीकडं वळली होती, त्यांना सहादेव काठी घेऊन परतवत होता. माझ्या मनात आलं, जमलं. आणि तेवढ्यात खालच्या आळीतून छबूबाई बाहेर पडल्या. हातात ताट, त्यावर हिरवा खण. मागं सविता, कडेवर लेकरू. तिच्या मागं एक, तिच्या मागं आणखी एक. बायांची रांगच लागली घाटाच्या वाटेवर.

भोंगा थांबला. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत लांबून, वळणापलीकडून, घरघर येत होती. जात्यात मोठं दळण घातल्यासारखी.

मनकर्णेनं पेटी उघडली आणि माईक घेतला. "छबूबाई," तिचा आवाज चारी कर्ण्यांतून गेला, "पानी जवळ आलंय. वर या. मॅडमचा फोन आलाय."

छबूबाईंनी मागं न बघता हात वर केला. आले, आले, असा. आणि घाटाची पहिली पायरी उतरल्या.

"सविता, लेकराला घिऊन वर यी."

सविता थांबली. छबूबाई काहीतरी म्हणाल्या. सविता चालू लागली.

"अक्का, आता काय करू?" मनकर्णेनं मला विचारलं. माईक तोंडाशीच होता, त्यामुळं सगळ्या शिवारानं विचारल्यासारखं झालं. मला काय सुचणार? खाली उतरून त्यांना ओढून आणायचं तर आमचं वय बघा आणि तो उतार बघा. घरघर वाढत होती. वळणावरच्या बाभळी हलताना दिसल्या, आणि वारा तर नव्हता.

मनकर्णेनं कर्ण्याकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, पदर डोक्यावरून नीट घेतला. आणि गायला लागली.

आली डोंगराची लेक, हिला बसाया पाट मांडा

देवा, काय तो आवाज. आधीच तो गळा, वर सरकारी कर्णे. पलीकडच्या काठावरच्या उसात बगळे उठले. पण मला दिसल्या त्या छबूबाई. त्या पायरीवर अशा थांबल्या, जशी कुणी मागून वेणी ओढली. गाणं त्यांचं. मान त्यांचा. आणि ते उचललं होतं डोंगरातून आलेल्या मनकर्णेनं, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

आणि बायांचं काय झालं असेल? जन्मभराची सवय. पहिली ओळ कानावर पडली की दुसरी तोंडातून निघतेच. त्या रांगेत एकीनं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी, स्लॅबकडं तोंड करून म्हटलं:

हिच्या पायीची ग माती, माझ्या उंबऱ्याला सांडा

झालं. गाणं उचललं गेलं, दुसरी ओळ पडली, ओटी आता तिथंच, जिथं उचलणारी उभी. सविता वळली. रांग वळली. छबूबाई एकट्या घाटाच्या पायरीवर, तोंड रागानं लाल. मनकर्णा पुढची ओळ गायली नाही. माईकमध्ये तिनं फक्त एवढं म्हटलं, "का वो छबूबाई, दम लागला का?"

मी कपाळाला हात लावला. पण त्या माउलीला बरोबर ठाऊक होतं. छबूबाई भीतीनं येणार नव्हत्या, रागानं येणार होत्या. आणि आल्या. ताट एका हातात, निऱ्या दुसऱ्या हातात, त्या वयाला कुणी चढत नाही तसा तो उतार चढत आल्या. सुनांना मागं टाकून आल्या. चालता चालता बोलत होत्या, आणि जे बोलत होत्या ते मी लिहीत नाही.

मनकर्णा जिना उतरून ओट्यावर येते न येते तोच छबूबाई समोर. "मनकर्णे, तुज्या डोंगरात गळे असतील, रीत न्हाई. कुनी दिला तुला अधिकार? माज्या सासूनं माज्या वटीत घातलेलं गानं ते."

"माजं चुकलं."

"चुकलं म्हनून भागतंय व्हय? साऱ्या तालुक्याला ऐकू गेलं."

"बसा की. पानी देऊ?"

"पानी नको मला तुज्या घरचं."

छबूबाईंची पाठ नदीकडं होती. आम्ही बाकीच्या त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. वळणावरून पाणी आलं. लाल, मातीनं घट्ट, पुढं फांद्या आणि कुणाचं तरी अख्खं छप्पर ढकलत. आधी वाळू गेली. मग धुण्याचे दगड गेले. मग घाट. एकेक पायरी नाही, सगळा घाट एका दमात गेला, जसा नव्हताच. सवितानं लेकराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

छबूबाई बोलत होत्या. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडं कुणी बघत नाही. त्या वळल्या. त्यांनी घाटाची जागा शोधली, ती त्यांना सापडली नाही. ताटातला नारळ एवढा हलायला लागला की मनकर्णेनं पुढं होऊन ताटाला हात लावला. दोघींनी ते ताट तसंच धरून ठेवलं. माझे डोळे भरले होते, आणि त्याच वेळी मला हसूही फुटत होतं. असं दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसानं काय करावं?

मग छबूबाई म्हणाल्या, "सूर बी चुकीचा धरलास. एवढा वर धरत्यात व्हय? म्हाताऱ्या बायांनी चढायचं कसं तिथवर?"

"मंग तुमी धरा," मनकर्णा म्हणाली. "पहिल्यापासनं. माजं ते न्हाईच झालं असं समजा."

"समजतेच हाय."

मनकर्णेनं माईकची वायर स्लॅबवरून खाली ओट्यावर सोडायला लावली. छबूबाईंनी माईक पाहिला, फुंकर मारली, कर्ण्यांतून वादळ आल्यासारखं झालं, तसा त्यांनी तो नारळासारखा दोन्ही हातांनी धरला. आणि उचललं. बारीक, कापरा, पण सुरात पक्का आवाज. पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली होती, तीही ऐकत उभी राहिली. आम्ही दुसरी ओळ अशी म्हटली की सहादेव काठी खाली ठेवून ओट्याशी येऊन उभा राहिला. मग सगळ्या बायांनी मनकर्णेच्या ओट्याच्या कडेला, नदीकडं तोंड करून, ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं उंचावरून सोडलं. नदीनं ते वरच्यावर झेललं आणि नेलं.

संध्याकाळपर्यंत बाया तिथंच होत्या. मनकर्णेच्या घरातली साखर संपली, मग माझ्या घरातली. धनश्रीचा फोन आला तेव्हा छबूबाईंनी तो मनकर्णेच्या हातातून घेतला आणि तिला बजावून सांगितलं, "बाई, तुजा भोंगा लई उंच सुरात हाय. जरा खाली घ्याया जमतंय का बग."

जायला निघाल्या तेव्हा त्या दारात थांबल्या. मनकर्णेकडं न बघता, चपला पायात सरकवत म्हणाल्या, "फुडल्या खेपेला वाजला की मी हितंच येते. पन गान्याला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

"आन जिन्याला कठडा घालून घ्या. वर चढाया लागंल मला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सहादेव गवंडी शोधायला निघाला.